खाणीने विहिरीचं पाणी ओढलं, तर ते परत द्यायचं कोणी आणि कसं?

वर्धेकाठचा
नमस्कार मंडळी. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातलं आमचं गाव. उघड्या खाणीच्या काठापासून माझं वावर सातशे मीटरवर. खाण कोणाची ते लिहीत नाही, कारण मला नावावरून भांडायचं नाही, उत्तर हवं आहे.

आजोबांनी खोदलेली विहीर ४२ फूट खोल. वर दगडी बांधकाम, खाली पिवळट वाळूचा दगड. ऐन मे महिन्यातही तिच्यात दीड पुरुष पाणी असायचं. तीन वर्षांपासून खड्डा आमच्या अंगाला सरकत आला, आणि यंदा फेब्रुवारीतच तळ दिसला. चना घाटे भरायच्या वेळी सोडून द्यावा लागला. गावात दोन दिवसाआड टँकर येतो.

आणि खाणीतून मात्र रात्रंदिवस पंप चालू. ते पाणी नाल्यात सोडतात. भर उन्हाळ्यात नाला खळखळ वाहतो आणि त्याच्यापासून दीडशे मीटरवर माझी विहीर कोरडी. ते पाहवत नाही.

खाणीने हे पाणी मला परत द्यायला हवं असं मला वाटतं. पण ‘परत’ म्हणजे नेमकं काय? टँकर? नवीन बोअर? नाल्यातलं पाणी उचलायची परवानगी? की पैसे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुमनताई_राजुरा
भाऊ, आमच्या माहेरी हेच झालं. टँकर येण्याची वेळ ठरलेली नाही, म्हणून घरातलं एक माणूस दिवसभर अडकून राहतं. वहिनी शिवणकाम करायची, ते सुटलं. नुकसान मांडाल तेव्हा हेही मांडा. आणि त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतो.

ओबीवाला
मी वीस वर्षं खाणीत सर्व्हे विभागात आहे. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सम्पमधून (खड्ड्याच्या तळाशी पाणी साठवायचा खळगा) जे पाणी आम्ही काढतो त्यातलं बरंचसं खड्ड्यात पडलेलं पावसाचंच असतं. दुसरं, गावागावांत बोअर किती वाढलेत ते मोजा. कपाशीला ओलित, सोयाबीननंतर चना-गहू. सगळ्या कोरड्या विहिरी खाणीच्या नावावर मांडणं बरोबर नाही. तुमच्या शिवारात दहा वर्षांपूर्वी बोअर किती होते आणि आज किती?

वर्धेकाठचा
@ओबीवाला, राग कशाचा. प्रश्न रास्त आहे. आमच्या शिवारात आज ११ बोअर आहेत, त्यातले ७ विहिरी आटल्यानंतरचे. म्हणजे बोअर आधी नाही आले, विहिरी आधी आटल्या.

भूजल_निवृत्त
धागा वाचून राहवलं नाही. माझी नोकरी विहिरींच्या पातळ्या मोजण्यात गेली, म्हणून थोडं लांबट लिहितो.

तुमच्याकडचा कोळसा बराकर थरात आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे. हा वालुकाश्म विदर्भातल्या उत्तम जलधरांपैकी, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांपैकी, एक. ‘पिवळट वाळूचा दगड’ म्हणालात तो बहुधा हाच. खाणीला कोळशापर्यंत जायचं तर हा थर कापावाच लागतो. थर कापला की चारी बाजूंनी पाणी खड्ड्याकडे झिरपतं. खालून पंप उपसत राहिला की भूजलाची पातळी खड्ड्याभोवती शंकूसारखी खाली जाते. खड्डा जितका खोल आणि पंप जितका काळ चालू, तितका शंकू रुंद. तुमची विहीर त्या शंकूच्या उतारावर आली आहे असं दिसतं.

एक गोष्ट ध्यानात घ्या. खाण पाणी ‘वापरते’ ते थोडंच: रस्त्यावर धूळ बसवायला, डंपर धुवायला, वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना) असेल तर तिथे. बाकीचं पाणी तिला नको असतं, कामाच्या आड येतं म्हणून ती ते काढून टाकते. म्हणून ‘आम्ही तुमचं पाणी वापरत नाही’ हे उत्तर खरं असूनही अपुरं आहे. विहिरीच्या दृष्टीने काढून टाकलेलं पाणीही गेलेलंच.

आता @ओबीवाला यांचा मुद्दा. बेसाल्टवरची उथळ विहीर पाऊस कमी झाला की आटते, तिथे खाणीकडे बोट दाखवताना जपून. दोन कारणं वेगळी करायची तर पातळी मोजण्याला पर्याय नाही. खाणीपासून ५०० मीटर, १ किलोमीटर, २ किलोमीटर, ४ किलोमीटर अशा विहिरी घ्या, सगळ्या एकाच खडकातल्या. पावसाने आटल्या असतील तर सगळ्या जवळपास सारख्याच उतरतील. खाणीने आटल्या असतील तर जवळची जास्त, लांबची कमी. चांगल्या पावसानंतरही जवळची भरून आली नाही तर शंका आणखी कमी होते.

नाल्याबद्दल वेगळं सांगतो. खड्ड्याच्या अगदी जवळ नाल्यात सोडलेलं पाणी काही प्रमाणात झिरपून पुन्हा खड्ड्यातच येतं आणि पुन्हा उपसलं जातं. वीज जळते, विहीर कोरडीच. पुनर्भरण करायचं तर खड्डा आणि गाव यांच्यामध्ये चर, तलाव किंवा भरण-विहिरी हव्यात. जर्मनीत गार्झवाइलरच्या लिग्नाइट खाणीजवळ श्वाल्म-नेटे नावाचा पाणथळ भाग आहे. तो वाळू नये म्हणून खाणीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून तिथे पुन्हा जमिनीत मुरवतात. म्हणजे हे काम होण्यासारखं आहे, खर्चाचं आहे एवढंच.

पऱ्हाटी
साहेब, फार सोपं करून सांगितलंत. पण मोजायचं कशाने? यंत्र हवं का?

भूजल_निवृत्त
@पऱ्हाटी, यंत्र नको. गवंड्याची फिती घ्या, टोकाला जड नट बांधा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. शेवटच्या हातभर फितीला खडू फासा, जिथपर्यंत खडू ओला होईल ती पाण्याची रेघ. पंप बंद करून निदान बारा तासांनी, पहाटे मोजायचं. तारीख, वेळ, मोजणाऱ्याची सही. झालं.

रसायन_मास्तर
डाळीचं कारण सांगतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतात आणि दाणा मऊ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला.

सुमनताई_राजुरा
मास्तर, सोड्याने डाळ शिजते पण वरणाची चव जाते.

गप्पिष्ट_गोंदिया
वरणाची चव गेली म्हणजे दिवाणी नाही, फौजदारीच दावा लागायचा!

वकील_यवतमाळ
दाव्याचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्यावर येतो. पहिली पायरी कोर्ट नाही, कागद.

कोळसा खाणीला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते, तिला सगळे ‘ईसी’ म्हणतात. कोळसा प्रकल्पांच्या मंजुऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक अट येते: खाणीतून पाणी उपसल्यामुळे जवळच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या तर त्या गावांची पाण्याची गरज प्रकल्पाने भागवायची. तिच्या शेजारीच दुसरी अट असते: आसपासच्या विहिरी आणि पीझोमीटर (भूजलाची पातळी मोजायला घेतलेली बोअर) यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत, आणि पातळी घसरताना दिसली तर पुनर्भरणाची कामं करायची.

ईसीचं पत्र ‘परिवेश’ संकेतस्थळावर मिळतं. त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते, म्हणजे पंचायतीच्या कपाटात असायला हवी. दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो, त्यात हे पातळीचे आकडे असतात. मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा. शिवाय भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागते, तिच्याही अटी वाचा. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपसलेलं पाणी धूळ बसवणं, पाणीपुरवठा, सिंचन अशा उपयोगी कामाला लावणं अपेक्षित आहे.

@वर्धेकाठचा, तुम्ही भीक मागत नाही, लिहून दिलेली अट पाळायला सांगताय. अर्जाची भाषा तशीच ठेवा.

नवा_सभासद_७१
एवढी भानगड कशाला? जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे, म्हणजे खाणींच्या पैशातून बाधित भागाची कामं करणाऱ्या संस्थेकडे, भरपूर निधी असतो. पिण्याचं पाणी हा अग्रक्रमाचा विषय आहे. अग्रक्रमाच्या कामांवर आधी किमान ६० टक्के आणि २०२४ च्या सूचनांनंतर ७० टक्के निधी खर्च करायचा असतो. नळयोजना मागा आणि मोकळे व्हा.

वकील_यवतमाळ
@नवा_सभासद_७१, नळयोजना जरूर मागा. पण खनिज प्रतिष्ठानाचा पैसा सगळ्या बाधित भागाचा आहे. शाळा, दवाखाने, सगळं त्यातूनच. एका खाणीने एका गावची विहीर आटवली तर ती भरपाई त्या खाणीच्या खात्यातून यायला हवी. ईसीची अट प्रकल्पावर आहे. दोन्ही एकत्र केलं की खाण सुटते, आणि दुसऱ्या कुठल्या तरी गावचा दवाखाना अडतो.

डिचोलीकर
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे लोखंडाची खनिजं. वर जांभा, मध्ये चिकणमाती, खाली भुसभुशीत खनिज. ते खनिज हाच पाणी धरणारा थर. म्हणजे खाणीने नुसतं पाणी ओढलं नाही, पाण्याचं भांडंच उचलून जहाजावर घातलं.

शिरगावचं नाव ऐकलं असेल, लईराई देवीचं गाव. तिथले खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले, विहिरी आणि झरे आटले, भातशेतीत गाळ आला. पाण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या गावच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) तळीत न्हाऊन अग्निदिव्य करतात, त्या गावाला पाण्यासाठी कोर्टात जावं लागलं, हे आम्हा डिचोलीवाल्यांच्या फार जिव्हारी लागलेलं आहे.

पुढचं जास्त महत्त्वाचं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, मधे सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. पंप बंद पडले तसे खड्डे पाण्याने भरले. माझ्या मामाच्या बांयला (विहिरीला) तिसऱ्या पावसानंतर पाणी दिसायला लागलं, पण कुळागरातली झर आजतागायत आली नाही. पोफळी गेल्या त्या गेल्याच. तिळारीच्या कालव्याचं पाणी खंडित झालं तेव्हा याच खड्ड्यांतलं पाणी अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाला पुरवण्यात आलं. म्हणजे पाणी आहे, आणि ते लोकांच्या कामी येऊ शकतं. पण पावसाळ्यात काठोकाठ भरलेला खड्डा गावाच्या डोक्यावर असला की झोप लागत नाही. म्हणून खाण चालू असतानाच विचारा, बंद झाल्यावर या पाण्याचा धनी कोण?

ओबीवाला
@डिचोलीकर, बंद खाणीचा मुद्दा आमच्याकडेही येणारच आहे.

@भूजल_निवृत्त यांचं वाचून थोडं सरळ लिहितो. शंकूचं म्हणणं मला मान्य आहे, आमच्याच पीझोमीटरमध्ये ते दिसतं. गावकऱ्यांनी एक मागावं: पंप किती तास चालला याची नोंदवही आणि मीटर असेल तर त्याचं वाचन. पावसाळ्याचे महिने वगळून डिसेंबर ते मे एवढेच आकडे घ्या. त्या काळात पाऊस नसतो, येतं ते बहुतेक जमिनीतलंच. म्हणजे माझाच पहिला आक्षेप निकालात निघेल.

आणि चांगली उदाहरणंही आहेत. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरते. खाणीचं पाणी वीजकेंद्राला देण्याचे, सिंचनाला देण्याचे करार झालेत. वीजकेंद्राने खाणीचं पाणी घेतलं तर धरणातलं तेवढं वाचतं.

पऱ्हाटी
वीजकेंद्राला पाणी गेलं तर ज्याची विहीर आटली त्याला काय मिळालं? हा हिशेब मला कळत नाही.

हिशेबनीस
@पऱ्हाटी, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. आकडा मांडून बघू. समजा एक खाण उन्हाळ्यात दिवसाला ५,००० घनमीटर उपसते, म्हणजे ५० लाख लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर. त्या हिशेबाने हे ९० हजार लोकांचं पाणी झालं. ओलिताला लावलं तर एका हेक्टरला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ५०० घनमीटर, दिवसाला १० हेक्टर. वीस दिवसांनी पाळी धरली तर २०० हेक्टरचा चना निघतो.

म्हणून माझं मत: आधी ज्या शिवारातून पाणी ओढलं त्या शिवाराचा हिस्सा, उरलेलं वीजकेंद्राला. आणि मोटारीचं बिल कोणी भरायचं ते करारातच लिहा. आमच्याकडे एका गावाला पाइपलाइन मिळाली, दोन वर्षांत वीजबिल थकलं, आता पाइप तेवढे उरलेत. विहिरीचं पाणी काढायला लागायची पाच अश्वशक्ती, नव्या व्यवस्थेला वीस लागत असेल तर वरच्या पंधराचा भार गावाने का उचलावा?

आलेघेनीकाठी
मी पिट्सबर्गजवळ राहते, जलशास्त्रातच काम करते. @हिशेबनीस यांनी जे लिहिलं ते इथे कायद्यात आहे, म्हणून सांगते.

अमेरिकेच्या १९७७ च्या कोळसा खाण कायद्यात उघड्या खाणीने कोणाचं पाणी आटवलं, दूषित केलं किंवा तोडलं तर खाणचालकाने पाणीपुरवठा बदलून द्यायचा असं कलम आहे. भूमिगत खाणींसाठी पिण्याच्या आणि घरगुती पाण्यापुरतं ते १९९२ मध्ये आलं. ‘बदलून देणं’ याचा अर्थही ठरवलेला आहे: प्रमाण आणि गुणवत्ता आधीसारखी, आणि नव्या व्यवस्थेचा देखभाल-खर्च जुन्यापेक्षा जास्त येत असेल तर वरचा खर्च खाणीचा.

पेनसिल्व्हेनियात १९९४ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. भूमिगत खाणीत कोळसा काढलेल्या क्षेत्राच्या कडेपासून उभ्या रेषेशी ३५ अंशांचा कोन करून जमिनीपर्यंत रेघ काढायची. खाण २०० मीटर खोल असेल तर ही रेघ कडेच्या बाहेर साधारण १४० मीटर जाते. त्या पट्ट्यातली विहीर आटली तर दोष खाणीचा असं गृहीत धरतात. तो नाही हे सिद्ध करायचं काम खाणीचं. तात्पुरतं पाणी २४ तासांत द्यावं लागतं.

पण यात एक मेख आहे. खाण सुरू होण्याआधी विहिरीची मोजणी आणि पाण्याची तपासणी होते. मालकाने ती करू दिली नाही तर हे गृहीतक त्याच्या कामी येत नाही. इथे ग्रीन काउंटीत एका म्हाताऱ्या जोडप्याने रागाने मोजणीवाल्यांना परत पाठवलं होतं. दोन वर्षांनी त्यांचा झरा गेला तेव्हा हातात काहीच नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. म्हणून आपल्याकडे ज्या गावांत खाण अजून पोचली नाही, त्यांनी आजच मोजायला सुरुवात करा.

रसायन_मास्तर
‘प्रमाण आणि गुणवत्ता आधीसारखी’, यातला दुसरा शब्द आपल्याकडे विसरतात. विहीर आटली की सगळे खोल बोअर मागतात. चंद्रपूर-यवतमाळमध्ये खोल बोअरला फ्लोराइड लागण्याचा धोका असतो. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं तर दात आणि हाडं जातात. म्हणजे शुद्ध विहिरीच्या बदल्यात आजार पदरात पडायचा. नवीन बोअरचं पाणी तपासल्याशिवाय ‘मिळालं’ अशी सही देऊ नका.

खाणीच्या पाण्याचंही तसंच. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, म्हणून मेघालयातल्यासारखं आम्लधर्मी पाणी सहसा येत नाही. पण सल्फेट आणि कठीणपणा जास्त असू शकतो, शिवाय यंत्रांचं तेल आणि कोळशाची भुकटी. ओलिताला चालेल ते पिण्याला चालेलच असं नाही. सुमनताईंची न शिजणारी डाळ ही पहिली तपासणी समजा, प्रयोगशाळेची दुसरी.

गप्पिष्ट_गोंदिया
म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी कुकर. ताई, शिट्ट्यांची नोंदवही ठेवा!

सुमनताई_राजुरा
ठेवते की. विहिरीच्या पाण्याला तीन, टँकरच्या पाण्याला सहा. लिहून घ्या.

वर्धेकाठचा
मंडळी, बऱ्याच महिन्यांनी परत आलो. काय झालं ते सांगतो.

ईसीचं पत्र पंचायतीच्या कपाटात सापडलं, प्लास्टिकची पिशवीही फोडलेली नव्हती. वकीलसाहेब म्हणाले ती अट त्यात शब्दशः आहे. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली. आमच्या सरपंचताईंनी दोनदा वाचायला लावली.

विहिरी आम्ही चौदा धरल्या. पोरांना फिती दिली, प्रत्येक कठड्यावर लाल रंगाची खूण. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर मोजून झालं. यंदा पाऊस चांगला झाला. चार किलोमीटरवरच्या विहिरी नोव्हेंबरात मे महिन्यापेक्षा एकवीस-बावीस फूट वर आल्या, माझी सहा फूट. @भूजल_निवृत्त साहेब, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. चौदाही आकडे तक्त्यात मांडून अर्जाला जोडले.

टँकर आता रोज येतो आणि सकाळी सात ही वेळ ठरली. हे सुमनताईंमुळे, त्यांचा मुद्दा अर्जात पहिलाच घातला होता. खड्डा आणि गाव यांच्यामध्ये तलाव करण्याची मागणी केली आहे, जागा पाहायला माणसं येऊन गेली, लेखी काही नाही. नाल्यातलं पाणी उचलायला तोंडी हो म्हणतात. वीजबिलाचं लिहून द्या म्हटलं की विषय बदलतात. तेवढ्यासाठी अडून बसलोय.

जानेवारीची मोजणी आज पहाटे केली. मुलगी बरोबर होती, फिती तिनेच सोडली. कठड्यापासून ३७ फूट ४ इंच. वहीत लिहिलं, खाली तिने सही केली. आता मे.